सहलीची बस तिथं थांबत नाही

डिसेंबर उजाडला की आमच्या रोहण्यात सहलींचा मोसम सुरू होतो. पहाटे पाचला एसटी शाळेच्या फाटकासमोर येऊन उभी राहते. शाळेच्या सहलीला महामंडळ अर्धं भाडं घेतं, म्हणून खेड्यातल्या पोरांना अजूनही सहल परवडते. पालकांचं संमतीपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुरमुऱ्याचा चिवडा, उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या, असा सगळा जामानिमा असतो. गेल्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेच्या सहलीला मीही पालक म्हणून सोबत गेलो. पोरगी आठवीत आहे. सरांना आणखी एक मोठा माणूस हवा होता आणि पत्रकाराला सुट्टी नसली तरी वेळ असतो, असा गावाचा समज आहे.

मार्ग ठरलेलाच. पुलगाव, वर्धा, मग सेवाग्राम, आणि तिथून नागपूर. दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र, अजब बंगला, फुटाळा तलाव आणि अंधारात परत.

सेवाग्रामला मी दरवेळी एक प्रयोग करतो. बाहेर आल्यावर पोरांना विचारतो, काय पाह्यलं रे? चरखा सांगणारे एक-दोन निघतात. व्हाइसरॉयनं बसवून दिलेला फोन एखाद्याला आठवतो. पण साप पकडायचा लांब चिमटा आणि सापाचा पिंजरा सगळ्यांनाच आठवतो. "साप मारत नोयते, पकडून दूर सोडून देत," असं आमची सगळी पोट्टी एका सुरात सांगतात. अहिंसा हा शब्द त्यांनी पुस्तकात दहा वेळा घोकलेला असतो, पण तो त्यांना कळतो त्या चिमट्यापाशी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर नागपुरात आमची बस झिरो माईलला थांबली. दहा मिनिटं. तो दगडी खांब, ते चार घोडे. देशाचा मध्यबिंदू म्हणून सर सांगतात, पोरं घोड्यांसोबत फोटो काढतात. माझी पोरगी फोटो काढून झाल्यावर पलीकडे बघत उभी होती. "बाबा, ते काय आहे?"

बाजूलाच गोवारी शहीद स्मारक आहे.

सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "ते गोवारींचं आहे. चला चला, अजब बंगला बंद होईल." सरांचा राग नाही. चांगले शिक्षक आहेत, पन्नास पोरं मोजत मोजत त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. राग आला तो माझा मला. कारण मी वीसेक वर्षं बातमीदारी करतो. दर वर्षी २३ नोव्हेंबरला आमच्याकडून एक बातमी जाते, "गोवारी शहिदांना अभिवादन". चार ओळी, पुष्पचक्र, उपस्थितांची नावं. नावं चुकली तर फोन येतो, म्हणून नावं नीट तपासतो. ती माणसं का मेली, ते मी त्या चार ओळींत एकदाही लिहिलेलं नाही. पोरीनं विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "घरी गेल्यावर सांगतो." बस सुटली ती सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून. त्या पुलाचं नावही आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. वाहतूक कोंडीच्या बातमीत हे नाव आठवड्यातून दोनदा तरी येत असेल.

घरी गेल्यावर सांगितलं. तेच इथं लिहितो आहे, जरा सविस्तर.

गोवारी म्हणजे कोण, हे विदर्भातल्या चाळिशीच्या पुढच्या माणसाला सांगावं लागू नये. गावाची गुरं राखणारा गायकी. सकाळी सगळ्या गावाची गुरं आखरावर जमवायची, दिवसभर रानात न्यायची, संध्याकाळी घरोघरी परत. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी मात्र मान त्यांचा. ढाल घेऊन, बासरी वाजवत, नाचत ते गावातून निघतात, गुरं सजतात, आणि वर्षभर गायक्याकडे न पाहणारा मालक त्या दिवशी त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो. बहुतेकांकडे जमीन नाही. गुरं कमी झाली, पडीक रानं संपली, तसं ते कामही संपत गेलं. हातात उरली मजुरी.

आता कागदाची गोष्ट. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीच्या नोंदीत "गोंड गोवारी" असं एक नाव आहे. गोवारींचं म्हणणं असं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात कुठं नाहीच, ते आम्हीच. सरकारनं २४ एप्रिल १९८५ ला निर्णय काढून सांगितलं की गोवारी वेगळे आणि गोंड गोवारी वेगळे. म्हणजे गावातल्या गायक्याच्या पोराला जमातीचा दाखला बंद. दाखला नाही म्हणजे वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, नोकरीतली जागा नाही. कागदावरच्या दोन शब्दांनी एका अख्ख्या समाजाचं दार लावलं. बाहेरच्या माणसाला हे भांडण किरकोळ वाटतं. ज्यानं तहसील कार्यालयात दाखल्यासाठी चकरा मारल्या आहेत, त्याला वाटत नाही.

दहा वर्षं निवेदनं झाली, मोर्चे झाले. मग २३ नोव्हेंबर १९९४, बुधवार. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. दिवाळी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. विदर्भाच्या गावागावातून गोवारी नागपुरात आले. चाळीस ते पन्नास हजार माणसं होती असं सांगितलं जातं. बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि त्यांच्या कडेवर, बोटाला धरून पोरं होती. मोर्चाला पोरं कशाला नेली, असं नंतर शहरातली माणसं विचारत होती. अहो, मजुरी करणारं अख्खं घर जेव्हा गाव सोडून निघतं, तेव्हा पोरं कोणाकडे ठेवायची?

मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे, मॉरिस कॉलेज टी पॉईंटजवळ अडवला. हे नागपूरच्या अधिवेशनात नेहमीचंच. मोर्चा अडतो, मग एखादा मंत्री येतो, निवेदन घेतो, दोन वाक्यं बोलतो, मोर्चा सुटतो. त्या दिवशी माणसं थांबून राहिली. दुपार गेली. संध्याकाळ झाली. निवेदन घ्यायला कोणी आलं नाही. एक गाडी दिसली आणि मंत्री आले असं वाटून मागची गर्दी पुढे सरकली, असं सांगितलं जातं. समोर कठडे आणि पोलीस. लाठ्या चालल्या. पुढच्यांना मागे जाता येईना, मागच्यांना पुढचं दिसेना. माणसं माणसांखाली गेली.

११४ माणसं मेली. पाचशेहून जास्त जखमी झाली. मेलेल्यांत बायका आणि पोरंच जास्त होती. गोळीबार नव्हता, बॉम्ब नव्हता, आग नव्हती. राज्याच्या विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर, एक निवेदन हातात घ्यायला कोणी बाहेर आलं नाही म्हणून ११४ माणसं चेंगरून मेली. हे वाक्य मी पोरीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे पाच मिनिटांसाठी?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढचं थोडक्यात. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती एस. एस. दाणी यांचा एक सदस्यीय आयोग नेमला गेला. आयोगानं सरकारला दोषी धरलं नाही. १९९५ मध्ये सरकार बदललं आणि गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतलं गेलं. त्या प्रवर्गाला मिळून दोन टक्के, आणि त्यात वाटेकरी अनेक. जमातीचा प्रश्न तसाच राहिला. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे माणसं गेल्यावर चोवीस वर्षांनी. फटाके फुटले, दाखले निघाले, पोरांनी त्या दाखल्यांवर प्रवेश घेतले. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. यादी बदलायचा अधिकार न्यायालयाला नाही, असं त्याचं सार. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या, त्यांना तेवढं संरक्षण दिलं. बाकीचे पुन्हा १९८५ मध्ये.

मी स्वतः १९९४ ला आठवीत होतो. आज माझी पोरगी आहे तिथंच. पेपर तेव्हा एसटीनं यायचा आणि पानठेल्यावर एकाच पेपरवर सहा-सात डोकी असायची. त्या दिवशी पेपर कोणी मोठ्यानं वाचून दाखवत नव्हतं, एवढं मला पक्कं आठवतं. माझ्या बाबांनी तो घडी करून बंडीत ठेवला आणि मला दाखवला नाही. शाळेत सर काही बोलले नाहीत. म्हणजे पोरांपासून हे लपवायची सवय तेव्हाचीच, आजच्या सरांना एकट्याला बोलून काय उपयोग.

आता एक सरळ प्रश्न. आपण पोरांना मृत्यूच्या जागा दाखवतच नाही का? दाखवतो की. आमच्या भागातली शाळा आष्टीला हमखास जाते. आष्टी आपल्या वर्धा जिल्ह्यातलीच, नावातच "शहीद" लावलेली. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. "चले जाव"चा ठराव होऊन आठवडा झाला होता, पुढारी तुरुंगात होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ही गावं आधीच पेटलेली. लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, गावातली माणसं पडली. मग चिडलेल्या जमावानं ठाणं पेटवलं, फौजदार आणि शिपाई मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूरला तसंच झालं. नंतर लष्कर आलं, धरपकड झाली, खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जीवाचं रान केलं आणि माणसं फासावरून परत आली.

आष्टीला बस थांबते, कारण तिथं छाती फुगवता येते. मारणारा इंग्रजांचा, मरणारा आपला, आणि शेवटी स्वातंत्र्य मिळालं. गोष्ट पूर्ण होते. खरं तर आष्टीतही आपण अर्धंच सांगतो. ठाण्यात जे शिपाई मेले तेही याच मुलखातले पगारी नोकर होते, त्यांचीही पोरंबाळं होती, हे मी कोणत्याही सहलीत ऐकलं नाही. सांगितलं तर हुतात्म्यांचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. उलट आठवीच्या पोराला तिथं पहिल्यांदा कळेल की इतिहासात माणसं कशी सापडतात.

झिरो माईलच्या स्मारकापाशी छाती फुगवायची सोय नाही. तिथं मारणारा इंग्रज नाही. सरकार आपलं, विधानभवन आपलं, पोलीस आपले, मरणारी माणसं आपल्याच गावची गुरं राखणारी, आणि शेवट अजून लागलेला नाही. अशा जागी सरांनी काय सांगावं? म्हणून बस थांबत नाही.

हे मी आमच्या व्हॉट्सअॅप गटात लिहिलं तर दोन हरकती आल्या. दोन्हींत दम आहे.

पहिली, "लहान पोरांना मढ्यांच्या गोष्टी कशाला?" बरोबर. वयाचा विचार करायलाच पाहिजे. पोलंडमधल्या आउशवित्झला, जिथं हिटलरच्या लोकांनी दहा लाखांहून जास्त माणसं मारली, तिथं १९४७ पासून संग्रहालय आहे. ते उभं करण्यात तिथून जिवंत सुटलेले कैदी पुढे होते. आणि तेच संग्रहालय सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका. म्हणजे चौदाच्या पुढच्यांना आणा. आपली आठवी-नववी म्हणजे तेच वय. जपानातली तर शाळाच पोरांना हिरोशिमाला घेऊन जाते. त्यांच्याकडे शालेय सहलीचा तो जुना रिवाज आहे. तिथल्या संग्रहालयात तीन वर्षांच्या एका मुलाची तीनचाकी सायकल ठेवली आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला तो घरासमोर ती चालवत होता. बापानं पोराला सायकलीसकट घराच्या अंगणात पुरलं. चाळीस वर्षांनी त्याला तिथून काढून रीतसर दफन केलं आणि सायकल संग्रहालयाला दिली. तिथं मढं दाखवत नाहीत. सायकल दाखवतात. सेवाग्रामच्या चिमट्याची गोष्ट मी वर सांगितली ती याचसाठी. पोराला एक वस्तू द्या, बाकीचं ते स्वतः करतं.

आणि इतक्या दूर जायची गरजही नाही. नागपूरहून इटारसीमार्गे गाडीत बसलं की भोपाळ येतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. त्या रात्रीबद्दल वाचलेल्या लोकांनी आणि त्यांच्यासोबत लढणाऱ्यांनी २०१४ मध्ये एक छोटं संग्रहालय सुरू केलं. सरकारचा आणि कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही, असं ठरवून. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेच्या निमित्तानं मी तिथं गेलो होतो. साधं घर. भिंतींवर फोटो, घरोघरच्या वस्तू, आणि जुन्या फोनचे रिसीव्हर. रिसीव्हर उचलून कानाला लावला की त्या रात्रीतून वाचलेलं माणूस बोलतं. मी तीन रिसीव्हर ऐकले. चौथा उचलला नाही. बाहेर येऊन चहा घेतला आणि बराच वेळ कोणाशी बोललो नाही. त्यात महागडं काय होतं? काही नाही. कोणीतरी वेळेवर जाऊन त्या माणसांचा आवाज भरून ठेवला होता, एवढंच.

गोवारींचा आवाज कोणी भरून ठेवला आहे? त्या दिवशी कडेवर पोर घेऊन उभी असलेली पंचविशीतली बाई आज साठीच्या उंबरठ्यावर आहे. तेव्हाचा चाळिशीचा माणूस सत्तरीत, म्हणजे असला तर. त्या गर्दीतून जिवंत बाहेर काढलेली पोरं आज माझ्या वयाची आहेत आणि कुठंतरी मजुरीला जातात. झिरो माईलला स्मारक आहे, पण ते बोलत नाही. २३ नोव्हेंबरला माणसं येतात, डोकं टेकवतात, रडतात. बाकीचे दिवस तिथून ट्रॅफिक जातं. एक खोली, काही फोटो, त्या वेळच्या पेपरांची कात्रणं, १९८५ चा तो सरकारी कागद, एखादी बासरी, आणि दहा-पंधरा माणसांचा आवाज, एवढं पुरे आहे. संग्रहालय म्हटलं की आपल्याकडे लगेच कोट्यवधींचा आराखडा, कारंजं आणि सेल्फी पॉईंट येतो. जालियनवाला बागेचं २०२१ मध्ये सुशोभीकरण झालं तेव्हा काय झालं ते आठवा. ज्या अरुंद बोळातून डायरचे शिपाई आत आले, त्या बोळाच्या भिंतींवर हसऱ्या माणसांची शिल्पं लावली आणि इतिहासकारांनी डोक्याला हात लावला. आपल्याला असलं काही नको.

दुसरी हरकत आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांची. ते म्हणाले, "भाऊ, ते आरक्षणाचं प्रकरण आहे. पोरांना तिथं नेलं की कोणीतरी म्हणणार, सर राजकारण करून राह्यले." ही हरकत मला पहिलीपेक्षा जड वाटते. कारण वाद खरोखर जिवंत आहे. गोंड आणि इतर आदिवासी संघटनांचा गोवारींच्या मागणीला विरोध आहे. आमच्या ताटात आणखी वाटेकरी नको, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या ताटात मुळातच काय आहे हे पाहिलं तर त्या म्हणण्याला खोटं म्हणता येत नाही. एकाच वर्गात गोंडाचं पोरगं आणि गोवाऱ्याचं पोरगं एका बाकावर बसतं. सरांनी तोंड उघडलं तर कोणत्या बाजूनं?

मला वाटतं, बाजू न घेताही पुष्कळ सांगता येतं. गोवारी जमातीत येतात की नाही, हे सरांनी ठरवायचं नाही. ते संसद ठरवेल, कधी ठरवायचं तेव्हा. पण ११४ माणसं मेली याला दोन बाजू नाहीत. हजारो माणसं दिवसभर उभी असताना कोणी बाहेर आलं नाही, यालाही नाहीत. गोंडाच्या पोरालाही उद्या कुठल्यातरी कठड्यापाशी उभं राहावंच लागणार आहे. कापसाच्या भावासाठी, नोकरीसाठी, पिकाच्या भरपाईसाठी. आपल्या भागातलं कोणतं पोर त्यातून सुटणार आहे? मग तो कठडा आधी एकदा पाहून ठेवला तर बिघडलं काय.

शिवाय हे फक्त गोवारींचं नाही. आमच्याच भागाचं घ्या. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आमच्याकडे पत्रे वाजले, लोक अंगणात आले, दूरवर आभाळ लाल झालेलं दिसत होतं. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे लोक त्यात गेले. भांडाराला लागून असलेल्या गावांतली माणसं पोरांना उचलून रात्रीच पळाली. मग २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावजवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यात आजूबाजूच्या गावांतून रोजंदारीवर गेलेले मजूर होते. पहिल्या घटनेची बातमी दिल्लीपर्यंत गेली, दुसरीची दोन-तीन दिवसांत संपली. आज रोहण्याच्या शाळेत पाचवीतल्या पोराला विचारा, पुलगावला काय झालं होतं. तो तुमच्या तोंडाकडे पाहील. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. आपण त्याला पानिपतची तारीख पाठ करायला लावतो, आणि त्याच्या घराचे पत्रे ज्या रात्री वाजले ती तारीख त्याला माहीत नाही.

असो. तक्रार पुरे झाली. मी काय केलं ते सांगतो, फार काही नाही.

पुढच्या सहलीच्या आधी एक तास मला द्या, असं मी सरांना म्हटलं. तासात मी फक्त तीन गोष्टी करणार. एक, गायकी काय करायचा ते पोरांनाच घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगणार. दोन, फळ्यावर "गोंड गोवारी" हे दोन शब्द लिहून त्यांचं भांडण दोन्हीकडून सांगणार. तीन, वर्गातल्या पोरांना काहीही न सांगता वीस मिनिटं उभं ठेवणार. बसायचं नाही, पाणी नाही, आणि कोणी येऊन काही बोलणार नाही. शेवटची गोष्ट सरांनी खोडली. पालक भांडायला येतील म्हणाले. ठीक आहे, पाच मिनिटांवर तडजोड झाली. झिरो माईलला दहा मिनिटांऐवजी अर्धा तास, आणि त्यातली वीस मिनिटं स्मारकापाशी. अजब बंगला यावेळी गाळायचा. पेंढा भरलेले प्राणी कुठं पळून जात नाहीत.

एक काम राहिलं होतं, त्या दिवशीचा माणूस शोधायचं. जवळच्या एका गावात एक बाबाजी राहतात. आयुष्यभर गुरं राखली, आता गुडघे धरून बसतात. त्या मोर्चाला गेले होते असं कोणीतरी सांगितलं. मी गेलो. आधी ते काही बोलेनात. मग म्हणाले, "काय सांगू भाऊ. आमी उभे होतो. लय वेळ उभे होतो. मंग मले काई दिसलं नाई." एवढंच. पुन्हा पुन्हा तेच, उभे होतो. तेवढं मोबाईलमध्ये भरून घेतलं. अकरा मिनिटांचं आहे, त्यातली सहा-सात मिनिटं ते गप्पच आहेत. काटछाट केलेली नाही.

निघताना मी विचारलं, पोरं येणार आहेत स्मारकावर, तुम्ही याल का? दोन शब्द बोला, नाही बोललात तरी चालेल.

बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, नाही म्हणणार. मग म्हणाले, "येतो ना. पण मले समोरची शीट द्याल. मांगं बसलं का उलटी होते."

समोरची सीट त्यांच्या नावानं ठेवली आहे. तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत त्या दिवशी तिथं असलेलं कोणी असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. मी येतो, मोबाईल घेऊन.